किल्ली कोणी दिली?

पुण्याहून पौडच्या दिशेने निघाले की चांदणी चौक, भूगाव, भुकूम मागे पडतात आणि पिरंगुटपाशी लवळे फाटा येतो. एकेकाळी या फाट्यावरून आत वळणारी वर्दळ शेतकऱ्यांचीच असे. आज लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिस विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे, फ्लेम विद्यापीठ आहे, मोठे रुग्णालय आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले-मुली येथे राहतात. खाली गावात दहावी-अकरावीची मुले आहेत. डोंगरावरची मुले आणि गावातली मुले यांची भाषा वेगळी, पोशाख वेगळा, घरची सुबत्ता वेगळी. पण उताराचा रस्ता दोघांना एकच. गावातल्या मुलाच्या हाती जमिनीच्या पैशातून आलेली मोटारसायकल असते, वसतिगृहातल्या मुलाच्या हाती वाढदिवसाची भेट. ही किल्ली आपल्याला कशासाठी मिळाली आणि तिच्याबरोबर कोणती जबाबदारी आली, हे मात्र या दोघांपैकी बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

हाच मुख्य रस्ता पुढे मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाट उतरून कोकणात जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून रात्री निघालेल्या सहा तरुणांची मोटार या घाटात दरीत कोसळली. घरच्यांचे फोन लागेनात, शोधासाठी ड्रोन उडवावा लागला आणि अखेर हाती आले ते मृतदेह. गाडी नवी होती. ही बातमी पुण्यातल्या आणि मुळशीतल्या घराघरांत वाचली गेली, हळहळ व्यक्त झाली. ती वाचल्यानंतर किती घरांत गाडीच्या किल्ल्या ठेवण्याची जागा बदलली, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. दर तासाला एकोणीस. त्यांपैकी साडेनऊ हजारांहून अधिक अठरा वर्षांखालील होती, म्हणजे दररोज सव्वीस मुले. एखाद्या शाळेचा एक वर्ग दररोज नाहीसा होतो, तरी या देशात एकही बंद पाळला जात नाही. सीमेवर एक जवान हुतात्मा झाला तर गाव रस्त्यावर येते, आणि ते योग्यच आहे. पण गावाच्या फाट्यावर गावचाच मुलगा मेला की आपण म्हणतो, त्याची वेळ आली होती! कर्मसिद्धान्ताचा इतका सोयीस्कर वापर त्याच्या घोर विरोधकांनीही कधी केला नसेल.

या संहारावर शासनाचे उत्तर ठरलेले आहे. दर जानेवारीत कधी सप्ताह, कधी महिना, या नावाने रस्ता सुरक्षा अभियान होते. शाळेच्या पटांगणात पाहुणे येतात, शपथ दिली जाते, चित्रकला स्पर्धा होते, निबंध लिहून घेतला जातो, छायाचित्र छापून येते. निबंधात पहिला क्रमांक मिळवणारा विद्यार्थी बक्षीस घेऊन शाळेच्या मागच्या गल्लीत लावलेली मोटारसायकल काढतो, मागे दोन मित्र बसवतो आणि घरी जातो. हे दृश्य मुख्याध्यापकांना ठाऊक असते, पालकांना ठाऊक असते, फाट्यावरच्या पोलिसालाही ठाऊक असते.

म्हणूनच कल्याणीनगरच्या प्रकरणात महाराष्ट्राला आलेला संताप तपासून पाहण्यासारखा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव चालवलेल्या पोर्श मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने काही तासांत त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. सारा देश पेटून उठला. तीनशे शब्दांत दोन जिवांची किंमत? संताप न्याय्य होता. परंतु ज्या निबंधाची आपण थट्टा केली, तोच निबंध आपण लाखो मुलांकडून वर्षानुवर्षे लिहून घेत आलो आहोत आणि त्यालाच रस्ता सुरक्षेचे शिक्षण म्हणत आलो आहोत. मंडळाने नवीन काही केले नाही. शाळेत जे चालते, तेच त्याने आदेशात लिहिले.

त्या प्रकरणातील पुढच्या गोष्टी अधिक बोलक्या आहेत. कोट्यवधी रुपयांच्या त्या मोटारीची नोंदणी अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे अपूर्ण होती, हे परिवहन खात्यानेच सांगितले. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलण्यात आला, असा आरोप पोलिसांनी ठेवला आणि तेथील डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, यातही आश्चर्य नव्हते. दिल्लीत २०१६ मध्ये अशाच एका अल्पवयीन मुलाच्या मर्सिडीजखाली एक तरुण गेला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले की, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा कायद्यात ठरवलेली नाही, तो बाल न्याय कायद्याच्या अर्थाने ‘अतिगंभीर’ ठरत नाही. सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही. म्हणून वाहनाखाली माणसे मारणारा सतरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या लेखी बालकच राहतो. ज्या कायद्याचा हेतू झोपडपट्टीतल्या, आईबापांविना वाढलेल्या पोराला दुसरी संधी देण्याचा, त्याची सावली आज सर्वांत आधी पोहोचते ती महागड्या वकिलांच्या दारापर्यंत. बालहक्कांच्या परिसंवादांत याची चर्चा अभावानेच ऐकू येते.

पण कायद्याला दोष देऊन मोकळे होणे ही मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. कायदा या बाबतीत मुका नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ लागू झाले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. किल्ली कोणी दिली, हा प्रश्न विचारणारे हे कलम आहे. त्याची माहिती किती पालकांना आहे? सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, असे छातीठोकपणे सांगणारे वडील गावोगाव भेटतात. तो परवाना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता आहे. कायनेटिकची लुना पुण्याच्या रस्त्यांवर धावत होती, त्या काळात या तरतुदीला अर्थ होता. आज दुकानात उभी असलेली साधी स्कूटरही शंभर सीसीच्या पुढची असते. आता त्यात विजेवर चालणाऱ्या दुचाकींची भर पडली आहे. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या आणि पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या गाडीला परवाना लागत नाही, या सवलतीचा आधार घेऊन गाडी विकायची आणि नंतर तिचा वेग वाढवून द्यायचा, असे प्रकार उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याला कारवाई करावी लागली. मुलाच्या हट्टाला तंत्रज्ञानाने पळवाट दिली आणि बापाने ती आनंदाने विकत घेतली.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात श्रीकृष्ण एक जुनी हकीकत सांगतात. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर हे अस्त्र अर्जुनाला दिले, ते त्याचा संयम पारखून. ते पाहून अश्वत्थामा हट्टाला पेटला. पोरगा चंचल आहे, हे पित्याला पुरते ठाऊक होते. मनातून प्रसन्न नव्हते, तरीही त्यांनी अस्त्र दिले, आणि देताना बजावले की, कितीही संकट आले तरी माणसांवर ते सोडू नकोस. पुढे ती वेळ आली. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला सोडता आले होते, आवरता येईना. ते जाऊन पडले उत्तरेच्या गर्भावर. ज्याने काहीच केले नव्हते, जो अजून जन्मलाही नव्हता, त्याच्यावर. अश्वत्थाम्याच्या कपाळावरची जखम सर्वांच्या लक्षात आहे. त्या जखमेची सुरुवात बापाच्या एका नाइलाजाच्या होकारात आहे, हे कीर्तनातही फारसे सांगितले जात नाही. आजच्या घरातला होकारही तसाच असतो: ‘जा, पण सावकाश चालव.’

सावकाश चालव, या सूचनेचे पुढे काय होते? ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. समोर म्हैस आली हे डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एवढे अंतर सहज सरते. ब्रेक लागायला सुरुवात होते त्यानंतर. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. हे गणित नववीच्या विज्ञानात शिकवले जाते, पण ते कोणी रस्त्यावर उभे करून दाखवत नाही. शिवाय या वयात धोका दिसत नाही असे नाही. दिसतो, पण मागे मित्र बसला असेल तर तो दिसूनही मोजला जात नाही. आवेग आवरण्याची मेंदूची क्षमता विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहते, हे आता वैद्यकशास्त्र सांगते. आपल्याकडच्या आजीला हे शास्त्राविना ठाऊक होते. म्हणून विहिरीवर पोहायला जाणाऱ्या नातवाबरोबर ती थोरल्याला पाठवत असे.

येथे एक कडू सत्य मान्य करावे लागते. नुसते शिक्षण दिल्याने अपघात टळतात, हा समजच तपासणीत टिकलेला नाही. शाळांमधून वाहन चालवण्याचे प्रशिक्षण देण्याच्या परदेशांतील प्रयोगांचा आढावा २००१ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाच्या जाळ्याने घेतला. अशा प्रशिक्षणाने अपघात घटल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट मुले लवकर परवाना घेऊन लवकर रस्त्यावर येतात, असे आढळले. कौशल्य आले, पण त्याबरोबर फाजील आत्मविश्वासही आला. याउलट न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. आधी अनुभवी माणूस शेजारी हवा. मग एकट्याने चालवायचे, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही आणि देखरेखीविना मित्रांना घेऊन नाही. त्यानंतर पूर्ण परवाना. ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली आणि तरुणांचे मृत्यू घटल्याचे अनुभवले. पाश्चात्यांचे वाढदिवस, त्यांच्या मेजवान्या, त्यांच्या गाड्या आपल्या नवश्रीमंतांनी हौसेने उचलल्या. सतराव्या वर्षाच्या मुलाला रात्री दहानंतर गाडी मिळणार नाही, हा त्यांचा नियम मात्र कोणाला उचलावासा वाटला नाही. तसे पाहिले तर यात परके काही नाहीच. गुरूच्या नजरेखाली, पायरीपायरीने, अधिकार पाहून विद्या द्यावी, ही तर आपली रीत.

म्हणजे मुलांना शिकवायचेच नाही, असे नव्हे. शिकवायचे, पण त्याची जागा पटांगण नाही, घर आहे. आणि सुरुवात पंधराव्या वर्षी होत नाही. स्कूटरवर पुढे उभे राहिलेले चार वर्षांचे पोर शिकतच असते. बाबा लाल दिवा पाहून आधी आजूबाजूला पोलीस आहे का ते पाहतात, आईची ओढणी चाकाजवळ लोंबते, एका बाजूने शंभर पावले उलटे गेले तर वळसा वाचतो; हा अभ्यासक्रम दहा-बारा वर्षे अखंड चालतो. नंतर शाळेतला एक तास तो कसा पुसणार? चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, असे कायदा सांगतो. मुलाला हेल्मेट घेऊन देणारे वडील पुण्यात किती दिसतात?

हेल्मेटचा विषय निघाला की पुणेकराचा स्वाभिमान जागा होतो. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्तीची कठोर अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका व्यासपीठावर आले. विद्येच्या माहेरघराला एकत्र आणणारा प्रश्न कोणता, तर डोके उघडे ठेवण्याचा हक्क! २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांची संख्या ५०,०२९ नोंदली गेली आहे. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते.

आता हे सारे आरोप दुसऱ्यांच्या दारात टाकून चालणार नाही. शिवजयंतीची, विजयोत्सवाची, संकल्प यात्रेची दुचाकी फेरी आठवावी. सर्वांत पुढे सोळा-सतरा वर्षांची मुले, एका गाडीवर तिघे, मागच्याच्या हाती भगवा ध्वज, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला. बाजूला गाडीतून जाणारे ज्येष्ठ कार्यकर्ते कौतुकाने पाहत असतात. पोरांत जोश आहे म्हणतात. ज्या शिवछत्रपतींच्या नावाने ही फेरी निघते, त्यांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, हा त्यातला भाग सर्वांना पाठ असतो. त्याच पत्रात महाराज आणखी काय सांगतात? कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. मग घोडी मरतील आणि तो दोष तुमच्यावर येईल. उंदराने वात पळवण्यापर्यंतचा विचार करणारा हा राजा. त्याच्या जयंतीला त्याचेच मावळे म्हणवणारी पोरे उघड्या डोक्याने पालखी रस्त्यावर तीनतीन बसून जातात, आणि त्याला शौर्य म्हटले जाते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मरण पावली. तेव्हा शेतांत विखुरलेले मृतदेह गोळा करायला संघाचे स्वयंसेवक धावून गेले. प्रवासी कोणत्या धर्माचे, हे त्यांनी विचारले नाही. अपघातानंतर धावून जाणे हा स्वयंसेवकाच्या रक्तातला गुण आहे. अपघातापूर्वी आपल्या घरातला, आपल्या शाखेतला पोरगा थांबवणे मात्र अवघड जाते, कारण तेथे छायाचित्र निघत नाही आणि घरात भांडण होते. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य असे दोन विषय शेजारी शेजारी आहेत. ते दोन्ही जेथे एकत्र भेटतात, अशी घरातली एक वस्तू म्हणजे दाराजवळच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली. बौद्धिकांत याचा उल्लेख व्हायला हवा.

अहिल्यादेवी होळकरांची एक आख्यायिका इंदूरच्या आडा बाजारात आजही सांगितली जाते. पुत्र मालेरावांच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. गाय रस्त्यातून उठेना. देवींनी मुलालाच त्याच रथाखाली घालण्याची आज्ञा दिली, आणि गायच आडवी आली, असे म्हणतात. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा उतरत नाही. मालेराव १७६७ मध्ये आजारपणाने गेले. पण अडीचशे वर्षे समाजाने ही कथा जपली, ती आपल्या मुलाचा अपराध झाकणारी नव्हे, तर त्याला रस्त्यावर उभा करणारी आई त्याला आदर्श वाटली म्हणून. कल्याणीनगरनंतर त्या आदर्शाचे काय झाले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या अहिल्यादेवींच्याच नावाने एसटीची एक योजना आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळा-महाविद्यालयात जाण्यासाठी मोफत पास मिळतो, मुलांनाही सवलतीचा पास आहे. वास्तविक वाहन न देणाऱ्या पालकाचा हा सर्वांत मोठा आधार ठरावा. परंतु बस तासभर आलीच नाही, किंवा भरून आली आणि फाट्यावर थांबली नाही, तर पास खिशात ठेवून काय उपयोग? पंधरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल देणाऱ्या गावातल्या बापाला सरसकट चैनी म्हणणे अन्यायाचे होईल. सकाळी सातला मुलाला पिरंगुटला पोहोचवणारे दुसरे काही नसले की तो किल्ली देतो. त्याला कलम १९९-अ ची भीती घालण्याबरोबर बसही द्यावी लागेल. डोंगरावरच्या विद्यापीठांना आपल्या विद्यार्थ्यांसाठी बसगाड्या ठेवता येतात. पायथ्याच्या गावाला हे जमू नये, याला कारण गरिबी नाही, कोणी मागितलेच नाही हे आहे.

करण्याजोगी कामे साधी आहेत. शाळेच्या पालकसभेत मुलांऐवजी पालकांना तासभर बसवून १९९-अ वाचून दाखवावे. शाळेभोवतीच्या गल्ल्यांत लावलेल्या दुचाकींचे क्रमांक मुख्याध्यापकांनी घरी कळवावेत. दुचाकी फेरीत परवाना आणि हेल्मेट असल्याशिवाय कोणालाही ध्वज देऊ नये. फेरी लहान होईल, होऊ द्यावी. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले आणि नंतर कायद्यात कलम १३४-अ म्हणून आले. १०८ ला फोन कसा करावा आणि मान मोडलेल्या माणसाला कसे उचलू नये, हे शाखेच्या एका तासात शिकवता येते. आणि लवळे, नांदे, सूस, पिरंगुट, पौड या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या भरण्या-सुटण्याच्या वेळा व बसच्या वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून, त्यावर पालकांच्या सह्या घेऊन, तो कागद एसटीच्या आगारप्रमुखांपुढे आणि पीएमपीच्या कार्यालयात नेऊन ठेवणे, हे कोणत्याही कार्यकर्त्याला आठवडाभरात जमेल असे काम आहे.